सेवेरोंनी शपथ मोडली नव्हती

…नाही गं मिरेया, ते खोड. ‘बिचारे’ लिहिलंस ना? सेवेरो बिचारे नव्हते. आपल्या गावच्या बँडमध्ये तुबा वाजवायचे ते, असं लिही. ते सगळ्यात मोठं पितळी वाजंत्र, अंगाभोवती अजगर गुंडाळल्यासारखं. होतं गावाचं, पण घरी नेऊन लिंबानं घासत बसायचे. तोमासा, त्यांची बायको, म्हणायची, “लग्न याच्याशीच करायचं होतं, मला कशाला आणलंत?”

तुझ्या आईच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरलं ते सेवेरोंनीच. म्हणून मी त्यांची कोमाद्रे, ते माझे कोंपाद्रे. घरातलंच माणूस.

तरुणपणी प्यायचे, हे खरं. मग एका वर्षी चर्चमधल्या कांदेलारिया मातेपुढे गुडघे टेकले आणि मेस्काल, आपली गावठी दारू, कायमची सोडली, शपथ घेऊन. आपल्याकडे शपथेच्या माणसाला कुणी आग्रह करत नाही. लग्नातसुद्धा पेला त्याच्यासमोरून मुकाट्यानं पुढे सरकतो. त्यांनी पाळली हो ती. मी साक्षीला आहे.

पुढे त्यांना साखर झाली. आधी गोळ्या होत्या, मग वाहाका शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिनची सुई सांगितली. त्यांच्या घरी फ्रिज नव्हता, म्हणून औषध माझ्या फ्रिजात, चीजच्या मागे. तोमासाला माहीत, मला माहीत, तिसऱ्या कुणाला नाही.

का लपवलं म्हणतेस? अगं, बँडमधला तो नाबोर, ढोलवाला, त्याची जीभ तुला माहीत नाही. साखरेचा माणूस म्हणजे रात्री बायकोकडे पाठ करून झोपणारा, असं म्हणून सगळ्यांना हसवायचा. वर गावात पक्कं बसलेलं, की सुई लागली म्हणजे डोळे जाणार. सेवेरोंच्या थोरल्या भावाचे गेलेच होते. पण तो सुईला भीत भीत वर्षानुवर्षं टाळत राहिला. टोचून घ्यायला लागला तेव्हा नजर आधीच अधू झाली होती. डोळे खाल्ले साखरेनं आणि नाव आलं सुईचं.

तर मातेचा सण. वाजंत्र्यांना सकाळी सणाच्या यजमानाच्या घरी जेवण असतं, म्हणून सेवेरो सुई टोचूनच आले; ती टोचली की लगेच खावं लागतं. पण पाद्रीबाबांना यायला उशीर झाला आणि यजमान म्हणाला, “आधी मिरवणूक काढू, मोलेचा रस्सा काय पळून जातोय?” झालं. रिकामं पोट, डोक्यावर ऊन, खांद्यावर ते धूड. चर्चच्या चौकात येईपर्यंत तुबा भलतंच काहीतरी घुमायला लागलं. बँडचे मास्तर अबुंदिओंनी वळून पाहिलं, तर सेवेरोंनी त्यांना आईवरून शिवी दिली. सेवेरोंनी, जे कधी कुणाला अरे म्हणाले नाहीत. शर्ट घामानं चिंब, पाय वाकडे पडतायत, आणि मग बसलेच खाली, तुबासकट.

“घेतली,” नाबोर म्हणाला. “मातेच्याच दिवशी घेतली.”

मी तिथेच आतोले, मक्याची पेज, विकत होते. तुझे आजोबा जन्मभर प्यायले, मला तो वास भिंतीपलीकडून कळतो. सेवेरोंच्या तोंडाला वास नव्हता. तोमासानं आणि मी त्यांना माझ्या दुकानामागे ओढलं. गिळता येतंय ना ते पाहिलं आणि गोड आतोले घोटघोट पाजलं. थोड्या वेळात डोळे जाग्यावर आले. पेजेनं कधी दारू उतरते का गं?

मी म्हटलं, “कोंपाद्रे, मी जाऊन सांगते सगळ्यांना.”

त्यांनी माझा हात धरला. “नको कोमाद्रे. दारुडा म्हणू देत. दारू सुटते असं लोक मानतात. हे सुटत नाही.”

“पण तुबा काढून घेतील.”

त्यांनी उरलेलं आतोले संपवलं.

मास्तर मनाचे वाईट नव्हते. दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाले, “सेवेरो, माणूस घसरतो. सगळ्यांसमोर मातेला सांग की शपथ मोडली, माफी माग, नवी शपथ घे. तुबा तुझंच.” किती सोपं होतं बघ. गावानं माफ केलंच होतं, नुसतं ‘प्यालो’ म्हणायचं होतं. तोमासा तर म्हणाली, म्हणून टाका, काय बिघडतं?

रविवारी अख्खा बँड चर्चमध्ये. सेवेरो मातेपुढे गुडघ्यांवर. मी बाकावरून त्यांची मान बघत होते. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. लोकांपुढे खोटं चाललं असतं त्यांना, मिरेया. तिच्यापुढे नाही चाललं.

“माते,” ते म्हणाले, “मी प्यालेलो नाही. मला साखर आहे. मी रोज पोटात सुई घेतो.”

मग नाबोरच बोलला मागून, “आणि डोळे?”

सेवेरो तसेच गुडघ्यांवर वळले. “तुझं नाक वाकडं आहे ते इथून दिसतंय मला.”

कुणी हसलं नाही. मग मास्तरच हसले, तेव्हा सगळे हसले. मग सेवेरोंनी भावाचं सांगितलं, त्या दिवशी उपाशीपोटी काय झालं तेही. मास्तरांनी हातातली टोपी फिरवली. म्हणाले, “अरे, मग भाकरी मागायची होतीस. शिवी कशाला दिलीस?”

तुबा राहिलं त्यांच्याकडे. सगळं गोड झालं असं नको लिहूस. काही बाया त्यांच्याशी आजाऱ्याशी बोलतात तशा हळू आवाजात बोलायला लागल्या आणि ते चिडायचे. पण पुढच्या सणाला यजमानानं वाजंत्र्यांची पंगत आधी बसवली. आणि एका संध्याकाळी नाबोर माझ्या दारात. इकडचं तिकडचं बोलला, पावसाचं बोलला, आणि मग विचारलं, “तुमच्या फ्रिजात अजून जागा आहे का हो?” मी चीज सरकवलं.

आता हे रुतिलिओमामाला शिकागोला वाचून दाखव. त्याची बायको सांगत होती, कारखान्यात सुई टोचायला तो संडासात कडी लावून बसतो. त्याला म्हणावं, तुझ्या शेजारी मशीनवर उभा असतो ना, त्या एकाला तरी सांगून ठेव. घाम फुटला, हात कापले, तू बरळायला लागलास, तर त्यानं आधी काहीतरी गोड पाजावं, शिव्या मागून द्याव्यात. आणि गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता दवाखान्याची गाडी बोलवावी. लाव त्याला फोन, आत्ता सुटला असेल कामावरून.