खरखर ऐकत बसणाऱ्या सुलभाताई

सुलभाताई गेल्याचा त्यांच्या भाचीचा, माधुरीचा, फोन आला तेव्हा मी मासवणजवळच्या आमच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होते. त्याच वर्गात ताईंनी वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर तारापूरजवळच्या घरी त्या शॉर्टवेव्ह रेडिओ लावून बसायच्या. दूरचं स्टेशन आकाशातल्या फार उंच थरावरून परतून आपल्यापर्यंत येतं. भूकंपाआधी तो थर बिघडतो आणि खरखर वाढते, असं काही जण मानतात, असं त्या सांगत. लगेच पुढे म्हणत, "सिद्ध झालेलं नाही हं."

आमच्याकडे हादरे सुरू झाले त्या वर्षी एका सकाळी त्यांचा फोन आला. "खरखरीत स्टेशन पार बुडालंय. मुलांना बाहेर काढ." मी सगळी शाळा मैदानात बसवली. दुपारपर्यंत काही झालं नाही. माझ्या वर्गातल्या सविताचे वडील काम टाकून धावत आले होते. "बाई, आमी मजुरी सोडून आलो. पोरं उनात बसली, नि हाललं तर काय नाय." दुसऱ्या दिवशी ताईंनी येऊन त्यांची आणि मुलांची माफी मागितली.

पंधरवड्याने भरदुपारी हादरा बसला. मुलं बाहेर निघेपर्यंत कौलं कोसळली आणि सविताच्या कपाळाला खोक पडली. दवाखान्यातल्या बाकावर ताई माझ्याशेजारी बसून राहिल्या. म्हणाल्या, "सकाळी खरखर होती. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला."

"ती भूकंपाचीच होती?"

"तेच कळत नाही. सूर्यावर काही घडलं तरी असंच होतं."

सविताच्या वडिलांपासूनही त्यांनी हे लपवलं नाही. ते एवढंच म्हणाले, "बोलायला पायजे होतं, बाई. आमी शिव्या दिल्या असत्या, पण पोरं बाहेर असती."

पुढच्या सोमवारपासून ताई शाळेत येऊ लागल्या. डोकं झाकून बाकाखाली, हलणं थांबलं की रांगेने मैदानात... शेवटपर्यंत त्यांनी हा सराव करून घेतला. खरखर वाढली की फोनही यायचा. "खात्री नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा." कधी आम्ही वर्ग झाडाखाली भरवायचो, कधी नाही. एकदा खरखर नसताना मोठा हादरा बसला. मी काही बोलायच्या आत मुलं बाकांखाली होती.

ताई गेल्यावर महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेले. कपाटं भिंतीला ठोकलेली, पलंगाच्या वर काही नाही, कुठल्याही खोलीतून अंगणापर्यंत वाट मोकळी. भेटायला येणाऱ्यांसाठी म्हणून माधुरीने मात्र दारात एक खाट टाकली होती. मला तिच्यावर बसवेना. माधुरीने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. दोघींनी मिळून खाट उचलली, भिंतीशी लावली, आणि मग बसलो.