दोन वर्षांचं लोणचं

नागपूरहून निघताना आईने माझ्या बॅगेतली पुस्तकं काढली आणि तिथे कैरीच्या लोणच्याची बरणी बसवली, जुन्या साडीत गुंडाळून. "दोन वर्षांचं आहे, पुरवून खा. तिकडे लोणचं घालायची वेळ यायची नाही." आमच्याकडे लोणचं वर्षाचं घालतात, जिथे घातलं तिथे वर्ष काढायचं. २००१ साल होतं. नवऱ्याचं, सुनीलचं प्रोजेक्ट, माझी बिनपगारी रजा, सगळं दोन वर्षांच्याच बोलीवर.

बरणी संपली, आम्ही अमेरिकेत, रेडमंडमध्येच. इंडियन स्टोअरमधून लोणचं आणायचे. विकतचं आईला चालायचं.

मग परस असलेलं घर भाड्याने घेतलं. परसात एक काळं, वाकडं झाड. फेब्रुवारीत पावसाची पिरपिर, अंगावर एक पान नाही आणि हे शहाणं फुलून मोकळं! वास तर असा, की मी जॅकेट न घालताच बाहेर. शेजारच्या लिनबाई तैवानच्या. माझी मुलगी त्यांना लिनकाकूच म्हणते. त्या म्हणाल्या, हे मेह्वा, प्लमच्या जातीतलं. थंडी सरायची वाट बघत नाही म्हणून त्यांच्याकडे याला मान. मुलींना याचं नाव ठेवतात. या घरात आधी राहणाऱ्या जपानी आजोबांनी लावलेलं. झाड मूळ तुमचं की जपान्यांचं, विचारलं तर हसल्या. "दोघंही आमचंच म्हणतो."

जूनमध्ये हिरवी, आंबट फळं धरली. लिनकाकू ती मिठात मुरवून उन्हात वाळवतात. "कच्ची खाऊ नकोस हं," त्यांनी बजावलं. पण मला कैरीच दिसत होती. बाठे काढून फोडी केल्या, मोहरी फेसली, हिंगाची फोडणी दिली. मुलगी ओरडली, "आई, दिस इज नॉट मँगो!" बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधताना हात थबकला. मी वर्षाचं लोणचं घातलं होतं. त्याच आठवड्यात मालकाने घर विकायला काढलं होतं. सुनील म्हणत होता, "घेऊन टाकू यार," आणि मला ना हो म्हणवत होतं, ना नाही.

पंधरा दिवसांनी आईला फोनवर लोणचं घातल्याचं सांगितलं. ती काही म्हणायच्या आत घाबरून मी भलतंच बोलले, "थोडं कडू झालंय गं."

"मोहरी जास्त फेसलीस," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी जरा कमी घाल."

पुढच्या वर्षी! माझं ठरायच्या आधी तिने ठरवून टाकलं होतं. फोन ठेवून मी खूप रडले. सुटल्यासारखं वाटलं म्हणून, की तिने सोडलं म्हणून, ते आजही कळत नाही.

घर घेतलं. तिकडे राहिलेले विचारतात, इकडे आलेलेही विचारतात, तुझं घर नक्की कुठलं? मी गडबडते. मोहरी मात्र तेव्हापासून कमीच घालते.