अण्णा पीत नव्हते

मैथिली एकदाची झोपते. लेकीला थोपटता थोपटता वृषालीचा हात जड होतो, खिडकीतलं दुपारचं ऊन पांढरं होत होत विरघळतं, आणि पंख्याच्या घरघरीत कुठूनसा गाडीच्या इंजिनाचा आवाज मिसळतो.

"तिकीट, ताई, तिकीट."

खाकी कपडे, खांद्याला कातडी पिशवी, हातात तिकिटं टोचायचा चिमटा. अण्णा! वृषालीचे वडील, बसचे कंडक्टर, मैथिली जन्मायच्या आधीच गेलेले.

"लेकीला ताई म्हणताय?"

"ड्युटीवर सगळ्या ताईच." अण्णा हसतात. गाडी हेलकावते, तेही हेलकावतात. गाडीत कुणाला काही कळत नाही, तिथे सगळेच झुलतात. खाली उतरले की मात्र पाय फाकवून, भिंती धरत चालायचे, आणि अख्खं गाव म्हणायचं, आला बघा पिऊन.

"बसा इथे. भांडायचंय मला तुमच्याशी."

"डबल बेल दिलीय. भांड धावत्या गाडीत."

"मैथिली पडते, अण्णा. खेळून दमली की जीभ जड होते, बुबुळं थरथरतात, पाय कुठच्या कुठे पडतात. थोड्या वेळाने पुन्हा ठणठणीत. माझंही गरगरतं अधूनमधून, मी म्हणते जागरणं. डॉक्टर म्हणाले, लहान मेंदूचा आजार असेल, रक्तातून आलेला. असले काही प्रकार साध्या गोळीने आटोक्यात राहतात. पण घरात आधी कुणाला होतं, ते कळायला हवं. मी काय सांगितलं? कुणालाच नाही. वडील तेवढे प्यायचे. आता तिची चाल बघते आणि तुमचीच आठवते."

अण्णा खिडकीबाहेर बघतात. बाहेर रस्ता नाहीच, त्यांचं स्वयंपाकघर आहे. आई पाठमोरी उभी राहून आमटीच्या वाटीत दारू सोडवायची पूड कालवतेय.

"माहीत होतं तुम्हाला?"

"पुडीचं? चव लागायची की."

"थेंब कधी घेतला नाहीत, तरी खाल्लीत?"

"मळमळायचं. पण तुझी आई आशेवर होती."

"का, अण्णा?" ती ओरडते. गाडीत एकही मान वळत नाही.

"माझ्या बापालाही हेच होतं. लोक म्हणाले, त्या घरात रोग आहे. झालं, तुझ्या आत्याचं जमलंच नाही कुठे. तुला बघून गेल्यावर पाहुण्यांनी गावात चौकशी केली, तर कळलं, बाप पितो. तेवढं चालतं गं. पिणाऱ्याची पोर खपते, रोगाच्या घरातली नाही खपत. मग मीच शर्टावर जराशी शिंपडायचो."

"माझं लग्न लावलंत आणि माझ्या पोरीचं औषध लपवलंत!"

"तेव्हा कुठं होती गोळी?"

"विचारलंत कुठं कुणाला!"

गाडी गचका खाते. अण्णा तोल जाऊन तिची ओढणी पकडतात. ती त्यांना दंडाला धरून सावरते, आणि सावरताना आणखीच चिडते. "धरा ना नीट! आणि आता तरी सांगा, कधी यायचं? कशाने?"

"दमलो की. संतापलो की. पडून राहिलं की जायचं. प्यालेला माणूस इतक्यात शुद्धीवर येतो होय? पण कुणी बघत थांबलंच नाही." ते चिमटा उघडतात. कट्. तिकिटाऐवजी ओढणीचा काठ चिमट्यात सापडतो. "चुकलं बघ. असू दे. मैथिलीचं अर्धं तिकीट. पोचव तिला."

"आई, भोक."

मैथिली उठून बसलीय. ओढणीच्या काठाला गोल, स्वच्छ कातरलेलं भोक आहे, आणि तिने त्यात करंगळी घातलीय.

वृषालीचा राग तसाच्या तसा आहे. एका हाताने पोरीला मांडीत ओढून ती आईला फोन लावते.

"आई, उद्या तू पण चल डॉक्टरांकडे. अण्णांना झटका यायचा तेव्हा काय काय व्हायचं, सगळं सांगायचं. अण्णा पीत नव्हते. कधीच नाही. त्यांना आजार होता, मैथिलीला आहे तोच."

पलीकडे नळ चालू असतो. तो बंद होतो.

"मग मी त्यांना काय खाऊ घालत होते गं?" आई म्हणते.