अक्कांचे एकोणीस प्रश्न

देवाने अक्कांना रूप बेताचं दिलं, गळा दिलाच नाही. पण समोरच्याची चौकशी करायची जीभ मात्र हात न आखडता दिली. दवाखान्यात नंबर येईपर्यंत शेजारच्या तिघींची दुखणी आणि चौथीच्या सुनेचा स्वभाव त्यांना पाठ झालेला असे. अशा बाईला बावन्नाव्या वर्षी आयुष्यातली पहिली नोकरी लागली, आणि ती नेमकी जास्त न बोलण्याची.

व्यवस्थापन शिकवणाऱ्या एका कॉलेजात एक सर संशोधन करत होते. विषयाचं नाव दोन ओळींचं होतं, पण अक्कांनी ते यजमानांना सोपं करून सांगितलं. "साहेब नीट वागला तर हाताखालच्या माणसाची तब्येत सुधारते का, ते बघायचंय."

"त्याला संशोधन कशाला?" यजमान पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "तीस वर्षं साहेबाखाली काढली. माझं पोट बघ."

"ते साहेबामुळे नाही, खुर्चीमुळे."

सरांनी बारा कारखाने निवडले होते. सहांच्या मुकादमांना दोन दिवस वर्गात बसवून माणसांशी कसं बोलावं ते शिकवलं. उरलेल्या सहांना मुद्दाम काहीच शिकवलं नाही, म्हणजे वर्षअखेर फरक दिसेल. अक्कांनी दर महिन्याला सगळ्या कामगारांना फोन करून एकोणीस प्रश्न विचारायचे. झोप लागते का, पाठ दुखते का, सकाळी कामावर जावंसं वाटतं का. उत्तर एक ते पाच. एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम. छापलंय तेवढंच वाचायचं, वर एक शब्द नाही. ही ताकीद सरांनी तीनदा दिली, अक्कांनी तीनदा मान डोलावली.

दोन दिवस त्या जीभ दाताखाली धरून बसल्या. तिसऱ्या दिवशी एका वेल्डरने पाठीच्या प्रश्नाला "एक" म्हटलं आणि पाठोपाठ कण्हला.

"एक म्हणजे फारच झालं हो," अक्कांच्या तोंडून गेलं. याला काही बोलणं म्हणत नाहीत, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

"दिवसभर वाकून काम, ताई."

"उंच टेबल नाही?"

"आहे की. गोदामात पडलंय."

"मग मुकादमाला सांगितलंत का?"

"कसं सांगणार?"

"तोंडाने."

पुढच्या महिन्यात वेल्डरची पाठ चारवर आली. मग काय, बांध फुटला. पॅकिंगवालीचं डोकं दुखायचं, तर अक्कांनी तिला पंख्याचं तोंड फिरवून मागायला लावलं. क्रेनवाल्याला सांगितलं, "मुकादम ओरडला की तुम्ही आवाज खाली आणा. एकट्याने ओरडायला माणूस ओशाळतो." तीन मिनिटांचा फोन वीस मिनिटांवर गेला. सरांची मदतनीस, जिला सगळे चष्मेवाली म्हणत, ती दारातून डोकावली की अक्का बातम्या वाचल्यासारख्या सुरू करत, "प्रश्न क्रमांक सात." पलीकडचा माणूसही एव्हाना सराईत झालेला. तो गंभीरपणे म्हणे, "तीन."

वर्ष संपलं, आकडे लागले, आणि सर आजारी माणसासारखा चेहरा घेऊन खोलीत आले. शिकवलेल्या कारखान्यांतली माणसं सुखी झाली होती. न शिकवलेल्यांतलीही तेवढीच. त्यातही, न शिकवलेल्यांपैकीच असलेल्या वेल्डरच्या कारखान्यातली तर सगळ्यांत जास्त.

"माझं शिकवणं फुकट तरी गेलं, नाहीतर तिथल्या मुकादमाने खोटे आकडे सांगायला लावले," सर चष्मेवालीला म्हणाले. "मला दुसरंच खरं वाटतंय. त्याच्या मालकाला पत्र लिहा. चौकशी करा म्हणावं."

त्याच टेबलावर अक्कांच्या पुढच्या वर्षाच्या नेमणुकीचा कागद सहीसाठी पडला होता. अक्कांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्या नोकरीने त्यांना सकाळी घराबाहेर पडायला निमित्त दिलं होतं, दीडशे-दोनशे माणसं दिली होती. पण त्या बापड्या मुकादमाने केलं काय होतं? मागितलं ते टेबल दिलं, एवढंच. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "सर, पत्र नका लिहू. घोळ माझा आहे."

फोन रेकॉर्ड होत, पण आजवर कुणी ऐकले नव्हते. सर दोन दिवस कानाला यंत्र लावून बसले. चष्मेवाली सांगत होती, की मधेच ते हसले, मग स्वतःचीच पाठ चोळत बराच वेळ बसले.

तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. अक्का निरोप घ्यायच्या तयारीने डबा-पिशवी आवरूनच गेल्या.

"तुम्ही माझं एक वर्ष पाण्यात घातलंत," सर म्हणाले.

"हो."

"आता नवीन अभ्यास. काहींना नुसते प्रश्न, ते चष्मेवाली विचारेल. काहींना तुमचं बोलणं. पण सगळ्यांशी सारखंच हं, नाहीतर मोजणार काय?" आणि त्यांनी सही केलेल्या नेमणुकीबरोबर चार छापील पानं पुढे सरकवली. अक्कांचंच बोलणं, टाइप केलेलं. कुठे 'फारच झालं हो' म्हणायचं, कुठे दोन सेकंद थांबायचं, कुठे 'तोंडाने'.

पहिला फोन वेल्डरला लागला. सर फोनचा स्पीकर लावून, घड्याळ घेऊन शेजारी बसले. अक्कांनी चष्मा लावून वाचायला घेतलं. स्वतःचेच शब्द, पण तोंडात खडे घोळवल्यासारखे झाले. दुसऱ्या ओळीलाच पलीकडून आवाज आला, "ताई, बरं नाही का तुम्हाला? आवाज असा का?"

अक्कांनी पान उलटलं, मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. त्याने काही विचारलं तर काय म्हणायचं, ते कुठेच छापलेलं नव्हतं.

"थांबा, मशीन बंद करतो," वेल्डर म्हणाला. "आता बोला. काय झालं?"

अक्कांनी सरांकडे पाहिलं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग ते खिशात टाकलं आणि छापील पानांवरून एक लांब तिरकी रेघ ओढली.

"काही नाही हो," अक्का खुर्चीत सैल होत म्हणाल्या. "इथे एकांची पाठ दुखतेय, आणि ते कुणाला सांगत नाहीत."