हिरवं लुगडं आणि हरणी

लेकानं कळंबच्या बाजारातून पानापानांचं जाकीट आणलं. "अण्णा, यात तुम्ही हरणालाबी दिसणार न्हाय." अंगात घातलं अन् डावा खांदा शहारला. काढलं, तरी शांत होईना.

तरणा होतो तेव्हा. हरणं आमचा हरभरा संपवत होती. पहाटे तीरकमठा घेऊन पिकात आडवा झालो. हरभऱ्यावरचं आंबटखारट दंव टिपायला आईनं रात्री पसरलेलं हिरवं लुगडं लपायला अंगावर ओढलं.

एक हरणी दबकत आली अन् त्या खारटपणासाठी माझा खांदाच चाटू लागली. खरखरीत जीभ, ऊन श्वास.

"मार की रं!" बांधावरनं वडील ओरडले. ती उधळली.

"दया आली व्हय?" त्यांनी विचारलं.

दया कसली? हात हलवला असता, तर ती जीभ थांबली असती.