गव्हाणीपुढचा नारळ
ऊद जळाल्याचा वास आला, की आमच्या नाशिकच्या चर्चमधला कॉलेजच्या दिवसांतला एक प्रकटीकरणाचा रविवार आठवतो आणि डोकं तापतं. बोचरी थंडी होती, बाळ येशूची मूर्ती ठेवलेली नाताळची गव्हाण अजून मांडलेली होती. परक्या देशातले ज्ञानी लोक सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटी घेऊन बाळ येशूकडे आले, प्रभू साऱ्या जगाला प्रकट झाला, असा उपदेश पाळकांनी नुकताच संपवला होता. तेवढ्यात मागच्या वस्तीतली एक बाई कडेवर पोर आणि हातात नारळ घेऊन दारात आली. ती ख्रिस्ती नव्हती. "पोराचा ताप उतरला, तर तुमच्या बाळाला नारळ देईन असं बोलले व्हते." चर्चच्या कमिटीतले एक पंच आडवे आले. "बाई, इथं नारळ-बिरळ चालत नाही." "फोडत नाय दादा, नुसता ठेवते. नवस ऱ्हायला तर पोर परत आजारी पडंल." दाराशी उपासनेची पत्रकं वाटत असलेला मी ओरडलो, "त्या ज्ञानी लोकांना कुणी दारात अडवलं होतं का?" पंच माझ्यावर खेकसले, "तू गप रे, पत्रकं वाट जा!" पाळकांनी पुढचं गीत सुरू करायला सांगितलं. बाईनं पोराच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि नारळ पदराखाली घेऊन ती निघून गेली. आता युवकांच्या सभेत कुणी प्रकटीकरणाचा अर्थ विचारतं, तेव्हा मी हेच सांगतो, की परकी बाई दारापर्यंत आली होती आणि आपण प्रभूला तिच्यापासून लपवून ठेवलं.