चांगली आणि दुसरी

“आमची पण त्या दुसरीसारखीच निघणार, बघून ठेव,” आत्या म्हणाली.

“मंग काय तर!” शेजारीण म्हणाली. “कपाटाला कुलूप हाय ना? तिच्या पण कपाटाला कुलूप असतंय. फोनवर हळू बोलते? झालं. आता फक्त घर फुटायचं ऱ्हायलंय.”

मी आत्याच्या घरी मागच्या पडवीत हातांना खोबरेल लावून फणसासमोर बसले होते. मध्ये अर्धीच भिंत होती, त्यामुळे दोघींचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. ‘आमची’ म्हणजे आत्याची सून, माझी वहिनी. ‘दुसरी’ म्हणजे संध्याकाळी सातच्या मालिकेतली बाई. आणि ‘दुसरी’ हे नाव आत्याला माझ्याकडून मिळालं होतं.

आत्या पोलादपूरला राहायची आणि आम्ही महाडला. त्या वर्षी लोडशेडिंग जोरात होतं. पोलादपुरात नेमकी संध्याकाळी लाइट जायची. आमच्याकडे दुपारी जायची आणि संध्याकाळी असायची. त्यामुळे आत्याची मालिका रोज बुडायची. सकाळी आपली पिठाची गिरणी सुरू करण्याआधी ती आमच्याकडे फोन लावायची आणि काल काय झालं ते विचारायची. आईला वेळ नसे. ती रिसीव्हर माझ्या हातात द्यायची.

मी बी.ए. होऊन घरी होते. शाळा इंग्रजी माध्यमाची झाल्यामुळे माझं मराठी जरा पुस्तकी होतं. चारचौघांत एखादा शब्द चुकला की मामा-काका हसायचे, म्हणून मी फारशी बोलायचे नाही. फोनवर चेहरे नसतात. तिथे मला बोलता यायचं. मी पाच-सहा वाक्यांत सगळा भाग सांगून टाकायचे. आत्याला ते आवडायचं. “तुझी आई सांगताना मध्येच रडते,” ती म्हणायची. “तुझं बरं हाय. बातम्या दिल्यासारखं सांगतेस.”

मालिकेतल्या बायकांची नावं लांबलचक होती आणि एकसारखी. पहिल्याच आठवड्यात मी ती सोडून दिली. एक चांगली आणि एक दुसरी. चांगली सुती साडी नेसायची, सगळ्यांचं जेवण झाल्यावर जेवायची आणि देवघरासमोर रडायची. दुसरी मोठी टिकली लावायची, ऑफिसात जायची, खिडकीशी उभी राहून फोनवर कुणाला तरी “काम झालं” असं सांगायची. तिसरी एक म्हातारी होती. ती सगळं बघायची आणि महिन्याभराने एकदा कुणाच्या तरी थोबाडीत मारायची. “चांगलीने दागिने काढून दिले,” मी सांगायचे. “दुसरीने ते लपवले.” आत्याने कधीही विचारलं नाही की चांगली म्हणजे कोण.

ती मालिका संपली आणि त्याच वेळेला नवी लागली. घर वेगळं, आडनाव वेगळं. तिसऱ्या दिवशी मी आत्याला फोनवर सांगितलं, “चांगली लग्न होऊन आली. दुसरी तिची जाऊ आहे.” मला सुरुवातीची नावं वाचायची सवय होती. लेखक तोच होता. त्याच्या आधीची, आम्ही शाळेत असताना लागणारी मालिकाही त्याचीच होती, हे मला नंतर आठवलं. तिथे दुसरी नणंद होती.

एकदा आमच्याकडेही संध्याकाळी लाइट गेली. सकाळी आत्याचा फोन आला. मी खरं ते सांगितलं की काल काहीच बघितलं नाही. “मग काय झालं असेल ते तरी सांग,” ती म्हणाली. मी सांगितलं, दुसरीने दुधात काहीतरी घातलं असेल, चांगलीवर आळ आला असेल आणि म्हातारी दारात उभी असेल. दुपारी पुनःप्रसारण होतं. तेव्हा पोलादपुरात लाइट होती. आत्याने गिरणी थांबवून ते बघितलं. दूध नव्हतं, खीर होती. बाकी सगळं तसंच. आत्याने ही गोष्ट गिरणीवर डबा घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितली. “आमच्या भाचीला पुढचं दिसतं,” असं ती कौतुकाने म्हणायची.

मला लेखकाचा राग नव्हता. त्याला रोज एक भाग लिहायचा असणार. बघणारी बाई एकीकडे भाकऱ्या थापत असते, तिचं अर्धं लक्ष तव्यावर असतं. नुसत्या आवाजावरून कळलं पाहिजे की आत्ता आली ती कोण. त्यासाठी त्याने तीन बायका ठरवून ठेवल्या होत्या आणि तो त्याच आलटून पालटून वापरत होता. हे मला समजत होतं. मी स्वतःही त्यांना दोन शब्दांत बसवलंच होतं. पण या बायका पडद्यावरून उतरून पोलादपूरच्या घरात येतील असं मला वाटलं नव्हतं.

वहिनी डोंबिवलीची. तिथे ती रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. लग्न करून आली तेव्हा तिचं सामान टेम्पोतून आलं आणि वाटेत लोखंडी कपाट आडवं पडलं. त्याचं हँडल निखळलं. कुलूप लावलं तरच दार बंद राहायचं, नाहीतर हळूहळू उघडून भिंतीला आपटायचं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आत्यालाही माहीत होतं. सामान उतरवताना तिनेच एका बाजूने कपाट धरलं होतं. फोनवर ती हळू बोलायची, कारण फोन सासऱ्यांच्या, म्हणजे आमच्या काकांच्या, खाटेजवळ होता आणि ते दुपारी झोपायचे. आयुष्यभर कशेडी घाटात ट्रक चालवून त्यांची कंबर गेली होती.

वहिनीला या सगळ्याची कल्पना होती. मी गेले की ती डोळे मिचकावून विचारायची, “काय गं, काल मी काय केलं? कुणाला ढकललं का जिन्यावरून?” आम्ही दोघी हसायचो. त्या मे महिन्यात मात्र तिने ते विचारलं नाही. महाडला एका लॅबमध्ये जागा निघाली होती. डॉक्टरांनी तिला बोलावून काम बघितलं होतं आणि सोमवारपासून ये म्हणून सांगितलं होतं. सकाळच्या एस.टी.ने जायचं, संध्याकाळच्या एस.टी.ने यायचं. दादा, म्हणजे तिचा नवरा, एम.आय.डी.सी.त शिफ्टला जायचा. “आई म्हणेल तसं,” एवढंच तो म्हणत होता. रविवारी जेवणं झाल्यावर ठरवू, असं आत्याने जाहीर केलं होतं. मी त्या रविवारी फणसासाठी गेले होते. निदान आईने मला तसंच सांगून पाठवलं होतं.

गरे काढून झाल्यावर सगळे पडवीत येऊन बसले. शेजारीणही थांबली. मध्ये परात होती. वहिनी आठळ्या वेगळ्या करत होती.

“महाड काय लांब नाय,” आत्या सुरू झाली. “एस.टी.चं पण काय नाय. पण बाई कमवायला लागली की तिचं डोकं फिरतं.”

“त्या मालिकेत नाय का,” शेजारीण म्हणाली, “पहिला पगार आणला तेव्हा कसली गोड बोलत होती. दुसऱ्या पगाराला नवऱ्याला घेऊन वेगळी निघाली.”

“ती पहिल्या मालिकेतली,” आत्याने दुरुस्ती केली. “ह्या मालिकेतली अजून निघाली नाय. निघणार.”

दादा गरा खात होता. तो एकदम मोठ्याने म्हणाला, “आई, ती नोकरी लॅबमध्ये करायची म्हणतेय. मालिकेत नाही.”

“तू गप. तुला काय कळतं त्यातलं? कधी बघितलीस?”

दादाने दुसरा गरा घेतला.

मी आत्याकडे बघत होते. तिच्या केसांत कडेला पीठ होतं. गिरणी बंद असली तरी ते कधी पूर्ण जात नसे. काका ट्रकवर असताना ती गिरणी तिने एकटीने चालवली होती. पट्टा सुटला की स्वतः चढवायची. झिजलेल्या दगडाला टाकी लावायला माणूस वेळेवर आला नाही तर त्याच्या घरी जाऊन उभी राहायची. गल्ल्याची किल्ली कमरेला असायची. ती जोरात हसायची, जोरात भांडायची आणि जेवायला सगळ्यांच्या आधी बसायची, कारण नंतर गिऱ्हाईक यायचं. त्या लेखकाच्या तिन्ही मालिका मी पाहिल्या होत्या. तशी बाई त्यात एकही नव्हती. आत्या रोज ज्या गोष्टीसाठी फोन करत होती, त्या गोष्टीत तिला स्वतःला बसायला पाटसुद्धा नव्हता. ते तिच्या लक्षात आलं नव्हतं, आणि मीही ते त्या दिवशी पहिल्यांदाच बघत होते.

वहिनीने आठळ्यांचं पातेलं बाजूला सारलं. ती एकदाही मध्ये बोलली नव्हती. तिची ती सवय नव्हती. एरवी ती भाजीवाल्याशीही दहा वाक्यं बोलायची. आता ती गप्प बसली होती, कारण काहीही बोललं तरी ते कुठल्या भागात बसवलं जाईल हे तिला कळून चुकलं होतं. ओरडली तर दुसरी. रडली तर नाटक. सोमवारची जागा तिच्यासाठी थांबणार नव्हती. डॉक्टरांकडे आणखी एक मुलगी येऊन गेली होती.

“हिलाच विचारूया,” आत्या अचानक म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “हिला पुढचं बरोबर कळतं. बोल गो. ही नोकरीला लागली की पुढं काय होईल?”

“खरंच, सांग की गो,” शेजारीण म्हणाली. “खिरीचं बरोबर सांगितलंन हिने.”

“खिरीचं नाय, दुधाचं सांगितलंन. पण एकच ते.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकांनीसुद्धा आतून खोकून, ऐकतोय असं कळवलं. फोन असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. ‘काही होणार नाही’ असं म्हणावं, असा एक विचार मनात आला. ते सोपं होतं आणि आत्याने कदाचित मानलंही असतं. पण मग मी वहिनीला ‘चांगली’ करून टाकलं असतं, आणि उद्या तिची एस.टी. चुकून उशीर झाला की ‘चांगली’मधूनही तिला काढलं गेलं असतं. वहिनी माझ्याकडे बघत नव्हती. बोटांना लागलेला चीक ती तेलाने काढत होती.

मी घसा साफ केला. आवाज वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला.

“आत्या, त्या लेखकाच्या बायकांचं पुढचं मला सांगता येतं, कारण त्या तीनच आहेत. वहिनीचं मला काही माहीत नाही. तिला कुणी विचारलंच नाही अजून. तिलाच विचार ना, ती इथेच बसली आहे.”